थेंब थांबवण्याआधी

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या काकांचा गिझर गळू लागला. गिझरच्या खाली, थंड पाण्याच्या नळीजवळ जो लहानसा व्हॉल्व्ह असतो, त्यातून पाणी तापत असताना थेंब थेंब पडत. रोज सकाळी बाथरूममध्ये मगभर पाणी साचे. काकांनी प्लंबरला बोलावले. त्याने व्हॉल्व्हच्या तोंडावर एक टोपण घट्ट बसवले, ‘काका, आता एक थेंब पडणार नाही,’ असे सांगितले आणि पैसे घेऊन तो गेला. दोन दिवसांनी काकांनी मोठ्या कौतुकाने ते टोपण मला दाखवले. मी आधी गिझरचे बटण बंद केले आणि मग त्यांना समजावत बसलो.

तो थेंब म्हणजे बिघाड नव्हता, गिझरची सुरक्षा होती. पाणी तापले की फुगते. १५ लिटरच्या गिझरमधले पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापले तर ते सुमारे पाव लिटरने वाढते. नळ बंद आहे, आत येणाऱ्या नळीवर पाणी उलटे जाऊ न देणारी झडप आहे आणि पाणी दाबले तरी दबत नाही. मग हे वाढलेले पाव लिटर जाणार कुठे? त्याच्यासाठीच तो व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो किंचित उघडतो आणि चार थेंब बाहेर सोडतो. त्याचे तोंड बंद केले की तोच दाब रोज टाकीच्या जोडांवर पडतो. त्यात एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी तापतच राहिले, तर टाकी फुटण्याचा धोका उभा राहतो. मगभर पाणी वाचवण्यासाठी काकांनी नकळत एवढी जोखीम घेतली होती.

आजारपणाच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याला आता बऱ्यापैकी समजली आहे. ताप हा आजार नसून लक्षण आहे, खोकला ही कधी कधी शरीराची स्वतःला साफ करण्याची धडपड असते, हे आपण ऐकलेले असते. कारण न शोधता लक्षण दाबले तर आजार आतल्या आत वाढतो, हेही आपल्याला पटते. घरातल्या यंत्रांच्या बाबतीत मात्र आपण हे सगळे विसरतो. पाणी गळते आहे? बंद करा. भरत नाही? पार्ट बदला. कमी होते आहे? वरून ओता. माझे म्हणणे इतकेच आहे की, गळणाऱ्या, न भरणाऱ्या किंवा रिकाम्या न होणाऱ्या कोणत्याही टाकीला हात लावण्याआधी तिचे निदान व्हायला हवे आणि ते बऱ्याच अंशी कोणालाही घरच्या घरी जमण्यासारखे आहे.

टाकी कोणतीही असो, फ्लशची, वॉशिंग मशीनची, कूलरची किंवा मोटारीची, तिच्यात पाहण्यासारख्या गोष्टी पाचच असतात. पाणी येण्याची वाट, पाणी किती झाले ते ओळखणारी व्यवस्था, पाणी जाण्याची वाट, हवेची वाट आणि जास्त झालेले पाणी सुरक्षित बाहेर काढणारा सांडवा. धरणाच्या बाबतीत हे आपल्याला शिकवावे लागत नाही. सांडव्यावरून पाणी वाहू लागले म्हणजे धरण गळते आहे, असे कोणी म्हणत नाही. घरात मात्र सांडव्यातून पाणी आले की आपण सांडवाच बुजवायला निघतो.

वॉशिंग मशीनचे उदाहरण घेऊ. तक्रार अशी की मशीनमध्ये पाणी भरतच राहते, थांबत नाही. बहुतेक घरांत पहिला संशय महागड्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर जातो. त्याआधी एक साधी चाचणी करा. पाणी भरत असतानाच भिंतीवरचे बटण बंद करा. वीज नसतानाही पाणी येतच राहिले, तर कार्ड निर्दोष आहे. पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा त्याचे रबर खराब झाले आहे. वीज जाताच पाणी थांबले, तर व्हॉल्व्ह ठीक आहे आणि मशीनला पाणी पुरेसे झाल्याचे कळत नाही. ते कळण्याची पद्धत मोठी सुंदर असते. टबाच्या तळापासून एक बारीक नळी वर जाते. पाणी चढू लागले की त्या नळीत हवा कोंडली जाते, तिचा दाब वाढतो आणि वरचा दाबाचा स्विच मशीनला सांगतो की आता पुरे. नळीला भोक पडले, ती निसटली किंवा तिच्या तोंडाशी साबणाचा गाळ बसला, की हा निरोप पोहोचत नाही. एका स्वस्त रबरी नळीच्या दोषापायी काही हजारांचे कार्ड बदलले जाऊ शकते आणि तरीही पाणी थांबत नाही.

उलटी तक्रारही असते. मशीन फार सावकाश भरते, मध्येच थांबून चुकीचा कोड दाखवते. इथे मशीनकडे पाहण्याआधी नळाकडे पाहावे. मशीनची नळी काढून तो नळ बादलीत सोडा आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहा. पाण्याच्या दहा मीटर उंचीने साधारण एक बार इतका दाब मिळतो. तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम दोन मीटर वर असेल, तर तुम्हाला मिळणारा दाब ०.२ बारच्या आसपास असतो. खालच्या मजल्यावर उत्तम चालणारे तेच मशीन वर रडते, त्यात मशीनचा दोष नाही. बादली झपाट्याने भरत असेल, तर नळी जिथे मशीनला जोडली जाते तिथली बारीक जाळी काढून पाहा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यानंतर ती गाळाने भरलेली सापडण्याची शक्यता मोठी असते.

तिसरी तक्रार सर्वांत चकवणारी. पाणी भरते आहे, पण टब कधी भरतच नाही, कारण पाणी एकीकडून येते आणि दुसरीकडून निघून जाते. अनेकदा ही वक्रनलिकेची, म्हणजे सायफनची करामत असते. सांडपाण्याची नळी जमिनीवर लोळत ठेवली किंवा मोरीच्या पाइपमध्ये खोल आणि घट्ट खुपसली, तर एकदा सुरू झालेला प्रवाह पंप नसतानाही टब रिकामा करत राहतो. नळीचे टोक मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवा आणि तिच्या भोवती हवेला थोडी जागा ठेवा. अर्ध-स्वयंचलित मशीन असेल, तर तळाच्या झडपेत अडकलेले बटण, केसांची पिन किंवा धागाही हाच खेळ करतो.

आता फ्लशची टाकी. तिची गळती दिसत नाही, म्हणूनच ती महाग पडते. मिनिटाला फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप पाणी भांड्यात झिरपत असेल, तर दिवसाला १४४ लिटर होते. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे अशा एका टाकीमागे घरात एक माणूस जास्त राहतो आहे असे समजा, तेही एप्रिल-मेमध्ये आपण टँकरची वाट पाहत असताना.

ती ओळखण्याची युक्ती सोपी आहे. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर गळती आहे. पण कुठली? इथेही दोन वेगवेगळे आजार एकच लक्षण दाखवतात. एकात तळाचे रबर नीट बसत नाही आणि पाणी खालून निसटते. दुसऱ्यात पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह थांबत नाही आणि जास्तीचे पाणी मधल्या उभ्या नळीतून भांड्यात जाते. फरक ओळखायला रात्री टाकीचा कॉक बंद करा आणि आतल्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा. सकाळी पाणी खुणेच्या बरेच खाली गेले असेल, तर तळाचे रबर दोषी. पातळी हललीच नसेल, तर आत येणारा व्हॉल्व्ह दोषी, किंवा नुसता फ्लोट फार वर लावलेला. पाण्याची पातळी उभ्या नळीच्या तोंडापासून साधारण इंचभर खाली हवी. रात्रभरात मिळणारे हे उत्तर फुकट आहे.

पाचांपैकी आपण सर्वांत जास्त विसरतो ती हवेची वाट. खरे तर ती आपल्या स्वयंपाकघरात कित्येक पिढ्या माहीत आहे. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके देत पडते, म्हणून आई समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडते. एक तेलाला, एक हवेला. हेच शास्त्र मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीला लागू पडते. जुनी, कार्बोरेटरची गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. प्लग बदलून होतो, कार्बोरेटर साफ करून होतो, तरी तेच. अशी गाडी बंद पडताच, इंजिन बंद आणि जवळपास ठिणगी नाही याची खात्री करून, टाकीचे झाकण उघडून पाहा. ‘सूं’ असा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातले बारीक भोक बुजले आहे. पेट्रोल खाली जाते आहे, पण त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून ते थांबते.

तसेच पेट्रोलची टाकी अगदी तोंडापर्यंत भरून घेण्याची हौस. पेट्रोल एका अंशाला सुमारे एक सहस्रांश या प्रमाणात फुगते. जमिनीखालच्या थंड टाकीतून घेतलेले ४० लिटर पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापले, तर ते पाऊण लिटरहून अधिक वाढते. त्या वाढीसाठी आणि वाफेसाठी टाकीत जागा ठेवलेली असते. पंपाची नळी स्वतःहून थांबली की आपणही थांबावे. ‘अजून पन्नासचे टाक’ म्हणणे म्हणजे सांडव्याची जागा पाण्याने भरणे आहे.

मोटारीच्या कूलंटच्या टाकीपाशी प्रश्न थेट जिवाशी येतो. तापलेल्या इंजिनातले कूलंट दाबाखाली ठेवलेले असते, कारण दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. वातावरणाच्या दुप्पट दाबाला पाणी १०० नव्हे, तर सुमारे १२० अंशांना उकळते. घरचा प्रेशर कुकर याच नियमावर चालतो. घाटात गाडी तापली, वाफ दिसली, म्हणून कोणी घाईने रेडिएटरचे झाकण उघडले की दाब क्षणात उतरतो, आतले द्रव एकदम उकळते आणि तोंडावर, हातांवर उसळते. वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण जबरदस्तीने काढू नये हे ज्याला कळते, त्याने इथेही अर्धा-पाऊण तास थांबायला हवे. थांबून उशीर होईल, पण भाजण्याच्या जखमेला त्याहून फार मोठा काळ लागतो.

या टाकीतली पातळी वारंवार खाली जात असेल, तर नळाचे पाणी ओतत राहणे हा उपाय नाही. ही पद्धतशीर बंद व्यवस्था आहे आणि ती काही महिन्यांत रिकामी होता कामा नये. गाडीखाली पडलेले पाणी आधी पाहा. ते स्वच्छ आणि वासरहित असेल आणि एसी चालवल्यावरच दिसत असेल, तर ते एसीचे पाणी आहे. त्याची चिंता नको. ते रंगीत, बुळबुळीत, गोडसर वासाचे असेल, तर कूलंट गळते आहे. खाली काहीच नाही, तरी पातळी उतरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, तर इंजिनाच्या आत गळतीचा संशय घ्यावा आणि गाडी न चालवता दाखवावी. काही गाड्यांत आणखी एक फसगत होते. प्लास्टिकची बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा असतो. इंजिन थंड होताना कूलंट बाटलीतून परत ओढले जायला हवे. झाकणातली लहान झडप अडकली किंवा नळीला चीर गेली, तर ते परतत नाही. म्हणून अशा गाड्यांत अधूनमधून, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरमध्येही डोकावावे. आणि सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारीही. लहान मुले आणि कुत्री-मांजरे त्याला फसतात.

आरोग्याच्या सदरात या सगळ्याची आणखी एक बाजू सांगायलाच हवी. जे पाणी जायला हवे आणि जात नाही, ते डासांचे घर होते. डेंगी पसरवणारा एडिस डास गटाराच्या घाणीपेक्षा घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात रमतो. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. कूलरची टाकी, गच्चीवरची झाकण तुटलेली टाकी आणि आपण कधीच न पाहिलेला फ्रिजच्या मागचा ट्रे, या त्याच्या आवडत्या जागा. ट्रेमधले पाणी कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जायला हवे. ते साठत असेल, तर दाराचे रबर सैल झाले आहे का ते पाहा. दारात कागद धरून दार लावा. तो अलगद निघून आला, तर बाहेरची दमट हवा आत जाते आहे. फ्रिजच्या आत भाजीच्या खणाखाली पाणी साचत असेल, तर मागच्या भिंतीतले निचऱ्याचे भोक कोथिंबिरीच्या पानाने किंवा बर्फाने बुजलेले असू शकते. आणि आठवड्यातला कोरडा दिवस पाळताना नुसते पाणी ओतून देऊ नका, टाकीच्या कडा घासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात, कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की ही कामे कारागिराची, आम्ही कशाला डोके लावायचे? खरे आहे. गिझर उघडणे, विजेच्या तारांना हात लावणे किंवा पेट्रोलची टाकी डाग देऊन सांधणे ही घरी करण्याची कामे नव्हेत. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी आतल्या वाफेमुळे भरलेल्या टाकीपेक्षाही धोकादायक असते. पण कारागिराला बोलावल्यावर आपण त्याच्याशी कसे वागतो, ते पाहा. त्याने अर्धा तास तपासून ‘काही बदलायची गरज नाही, नळी वर बांधा’ असे सांगितले, तर त्याला दोनशे रुपये द्यायला आपण कुरकुरतो. ‘केले काय त्याने?’ त्याने पाच मिनिटांत दोन हजारांचा पार्ट बदलला, तर मुकाट्याने पैसे देतो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले नाही तर तपासणी फी जास्त वाटणाऱ्या पेशंटसारखेच हे झाले. ज्या बाजारात निदानाला किंमत नाही, तिथे कारागीर निदान करणार नाही, तो पार्ट विकेल. काकांच्या प्लंबरने टोपण लावले, कारण आपण त्याला थेंब थांबवण्याचे पैसे देतो, थेंब का पडतो ते शोधण्याचे नाही. तो मुद्दाम वाईट वागला असे मला वाटत नाही. आपणच मागितले ते त्याने दिले.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कारागिराला बोलावताना आधीच सांगा की तपासणीचे पैसे वेगळे देईन, पार्ट लागो वा न लागो. पार्ट बदलायचा म्हटले, तर एकच प्रश्न विचारा, ‘कशावरून?’ ज्याला ठाऊक आहे तो कारागीर या प्रश्नाने दुखावत नाही, उलट खुलतो आणि दाखवतो. ज्याला ठाऊक नाही तो चिडतो, आणि तेही आपल्याला उपयोगी पडणारे उत्तरच आहे. यंत्रे विकणाऱ्यांनीही पुस्तिकेत अशा चाचण्यांचे एक पान सोप्या मराठीत द्यायला काय हरकत आहे? नुसता ‘सेवा केंद्राशी संपर्क साधा’ हा सल्ला पुरेसा नाही.

काकांच्या गिझरचे टोपण त्याच दिवशी काढायला लावले. दुसऱ्या कारागिराने तपासले, तेव्हा व्हॉल्व्ह उत्तम चालत होता. बदलायचे काहीच नव्हते. व्हॉल्व्हला एक पातळ नळी जोडून त्याने तिचे तोंड मोरीत सोडले आणि जाताना सांगून गेला की, गिझर बंद असतानाही पाणी गळत राहिले किंवा वाफाळते पाणी जोरात येऊ लागले, तर लगेच बटण बंद करून बोलवा. काकांनी त्याला तपासणीचे पैसे दिले. थेंब अजूनही पडतात. आता काका ते रोज सकाळी पाहतात आणि गिझर ठीक चालला आहे असे समजतात.